पूर्वीचे आरोप आणि चालू खटला : न्यायालय कोणता पुरावा ऐकते?

न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २५ एप्रिल २०२४ रोजी चित्रपट निर्माता हार्वे वाइनस्टीन याची २०२० मधील दोषसिद्धी रद्द ठरविली. सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी हा निर्णय दिला. साक्षीदार खोटे बोलले किंवा गुन्हा घडलाच नाही, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. ज्या घटनांबद्दल आरोपपत्रात एक शब्दही नव्हता, त्या घटनांविषयी साक्ष देण्याची मुभा तीन महिलांना देण्यात आली आणि त्यामुळे खटला न्याय्य राहिला नाही, हे रद्दबातल करण्याचे मुख्य कारण होते.

या निर्णयाने जगभर एका जुन्या प्रश्नाची नव्याने चर्चा सुरू झाली. एखाद्या व्यक्तीवर आज एका गुन्ह्याचा खटला चालू असेल, तर तिच्यावर पूर्वी झालेले आरोप न्यायालयाने ऐकावेत काय? सामान्य माणसाला याचे उत्तर सोपे वाटते. ज्याच्याविरुद्ध पाच जणांनी तशाच तक्रारी केल्या, त्याने सहाव्या वेळीही तेच केले असणार, असा तर्क आपण व्यवहारात नेहमी करतो. फौजदारी कायदा मात्र हा तर्क सहजासहजी मान्य करीत नाही. तो का मान्य करीत नाही, कोणत्या परिस्थितीत मान्य करतो आणि भारतात याबाबत काय तरतूद आहे, याचा हा आढावा.

न्यूयॉर्कमधील खटला

वाइनस्टीन याच्यावरील खटला जानेवारी २०२० मध्ये मॅनहॅटन येथे सुरू झाला. दोन महिलांच्या तक्रारींवर मुख्य आरोप आधारलेले होते. या महिलांची संमती होती, असा बचाव पक्षाचा दावा होता. तो खोडून काढण्यासाठी फिर्यादी पक्षाने अन्य तीन महिलांना साक्षीसाठी पाचारण केले. आपल्यावरही असाच प्रसंग गुदरला होता, असे त्यांनी सांगितले. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ज्युरीने त्याला दोन आरोपांत दोषी ठरविले आणि मार्चमध्ये त्याला २३ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

अपील न्यायालयाच्या बहुमताच्या निकालपत्राचा आशय असा : या तीन साक्षींनी आरोपपत्रातील कोणताही विशिष्ट मुद्दा सिद्ध होत नव्हता. आरोपी अशा प्रकारची वर्तणूक करणारा माणूस आहे, एवढेच त्यांतून ज्युरीच्या मनावर ठसत होते, आणि नेमका हाच निष्कर्ष काढण्यास कायद्याची मनाई आहे. आरोपीने स्वतः साक्ष दिली असती, तर त्याच्या पूर्वीच्या अनेक गैरवर्तनांवरून त्याची उलटतपासणी करण्याची परवानगीही खालच्या न्यायालयाने दिली होती. तीही चूक असल्याचे बहुमताने सांगितले.

अल्पमतातील न्यायाधीशांनी तितकाच ठाम विरोध नोंदविला. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत आरोपी आणि पीडिता बहुधा परिचित असतात आणि बंद दाराआड तिसरा साक्षीदार नसतो. अशा वेळी आरोपीला संमतीच्या अभावाची जाणीव होती की नाही, हे समजण्यासाठी इतर महिलांचे अनुभव महत्त्वाचे ठरतात, ही वस्तुस्थिती बहुमताने नजरेआड केली, असे त्यांचे म्हणणे होते.

याच व्यक्तीला डिसेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिस येथेही दोषी ठरवून पुढे १६ वर्षांची शिक्षा देण्यात आली होती. लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यात आरोपीच्या तशाच अन्य कृत्यांचा पुरावा देण्यास कॅलिफोर्नियाचा पुरावा कायदा स्पष्ट परवानगी देतो. एकाच देशातील दोन राज्ये या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे देतात, हे यावरून दिसते.

विषाची बाटली आणि १९०१ चा निकाल

न्यूयॉर्कचा हा नियम १९०१ मधील मॉलिनो खटल्यापासून त्याच नावाने ओळखला जातो. डिसेंबर १८९८ मध्ये न्यूयॉर्कमधील एका व्यायाम क्लबच्या क्रीडा संचालकाला टपालाने डोकेदुखीच्या औषधाची बाटली आली. पाठविणाऱ्याचे नाव नव्हते. त्याच्या घरातील कॅथरीन अ‍ॅडम्स या महिलेने ते औषध घेतले आणि तिचा मृत्यू झाला. औषधात सायनाइडयुक्त विष मिसळलेले होते. क्रीडा संचालकाशी वैर असलेल्या रोलंड मॉलिनो या रसायनतज्ज्ञावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

त्याआधी नोव्हेंबर १८९८ मध्ये त्याच क्लबशी संबंधित असलेल्या हेन्री बार्नेट याचाही टपालाने आलेल्या विषारी औषधाने मृत्यू झाल्याचा संशय होता. मॉलिनोचा ज्या युवतीशी पुढे विवाह झाला, तिच्याशी बार्नेटची जवळीक होती. बार्नेटच्या मृत्यूबद्दल मॉलिनोवर आरोप ठेवलेला नसतानाही त्याचा सर्व पुरावा या खटल्यात मांडण्यात आला. १९०० मध्ये मॉलिनो दोषी ठरला आणि त्याला मृत्युदंड झाला.

१९०१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दोन मृत्यूंमागील हेतू वेगळे होते आणि एका घटनेवरून दुसरी सिद्ध होत नव्हती, असे न्यायालयाने सांगितले. अन्य गुन्ह्याचा पुरावा कोणत्या कारणांसाठी देता येईल, तेही या निकालात नमूद झाले : कृत्यामागील कारण, गुन्ह्याचा उद्देश, चूक किंवा अपघात नसल्याचे दाखविणे, एका समान योजनेचे अस्तित्व आणि आरोपीची ओळख पटविणे. १९०२ मध्ये फेरखटल्यात मॉलिनो निर्दोष सुटला.

नियमामागील तीन कारणे

पूर्वीचे आरोप बाजूला ठेवण्यामागे साधारणपणे तीन कारणे सांगितली जातात.

पहिले कारण निष्पक्षतेचे. माणूस वाईट आहे असे एकदा मनात बसले की, चालू गुन्ह्याच्या पुराव्यातील त्रुटी दिसेनाशा होतात. आरोपी निर्दोष असण्याची शक्यता वाटली, तरी ‘त्याने आधी केलेल्याची शिक्षा म्हणून हे ठीकच आहे’ असा विचार बळावतो.

दुसरे कारण बचावाच्या संधीचे. आरोपीने विशिष्ट दिवशी, विशिष्ट ठिकाणी केलेल्या कृत्याचे उत्तर देण्याची तयारी केलेली असते. दहा वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या घटनेबद्दलही त्याला उत्तर द्यावे लागले, तर एका खटल्याच्या पोटात अनेक खटले सुरू होतात.

तिसरे कारण तपासाशी निगडित आहे. गुन्हा घडला की पोलिसांचे लक्ष साहजिकच दप्तरी नोंद असलेल्या व्यक्तींकडे जाते. जुनी नोंद हाच न्यायालयात पुरावा ठरू लागला, तर नवा पुरावा शोधण्याची गरजच उरणार नाही. ज्याच्यावर एकदा गुन्हा दाखल झाला, त्याच्यावर दुसरा दाखल करणे सोपे होईल आणि दुसरा पहिल्याच्या आधारे टिकेल.

आरोप आणि दोषसिद्धी यांतील फरकही येथे लक्षात घ्यावा लागतो. दोषसिद्धीमागे पुरावा, उलटतपासणी आणि न्यायालयाचा निर्णय असतो. आरोप मात्र एका पक्षाचे म्हणणे असते. ते खरे असू शकते, पण त्याची कसोटी लागलेली नसते.

भारतातील तरतूद

भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ४९ नुसार फौजदारी कार्यवाहीत आरोपीचे चारित्र्य पूर्वीपासून वाईट आहे, ही बाब संबद्ध मानली जात नाही. त्याने स्वतः आपल्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला असेल, तर मात्र उत्तरादाखल फिर्यादी पक्षाला विरुद्ध पुरावा देता येतो. म्हणजे हे दार उघडण्याची किल्ली आरोपीच्याच हाती आहे. आधीच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ५४ ची हीच तरतूद होती.

मूळ १८७२ च्या कायद्यात मात्र स्थिती वेगळी होती. आरोपीला पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली असल्यास ती बाब सर्वच फौजदारी खटल्यांत संबद्ध मानली जात असे. १८९१ च्या दुरुस्तीने हा भाग बदलण्यात आला. तेव्हापासून जुनी दोषसिद्धीसुद्धा सरसकट पुढे आणता येत नाही. जेथे वाईट चारित्र्याचा पुरावा देण्याची मुभा आहे तेथेच ती देता येते.

भारतात आता ज्युरी नाही. न्यायाधीशच पुरावा ऐकतात आणि निर्णय देतात. अनेकदा आरोपीच्या पूर्वेतिहासाची माहिती रिमांडच्या किंवा जामिनाच्या कागदपत्रांतून न्यायालयासमोर आलेली असते. तरीही दोषी ठरविण्याच्या प्रश्नात ती मनाबाहेर ठेवावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. जुन्या दोषसिद्धीमुळे वाढीव शिक्षा मागायची असेल, तर चालू गुन्ह्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत तो जुना आरोप त्याला वाचूनही दाखविला जात नाही, असा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५९ चा दंडक आहे.

विमा उतरविलेली घरे

मग पूर्वीची घटना कधीच पुढे येत नाही काय? तसे नाही. १८७२ च्या कायद्याचे शिल्पकार सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी कलमांखाली दिलेली उदाहरणे आजही हा फरक उत्तम रीतीने समजावतात.

एका व्यक्तीवर विम्याची रक्कम मिळविण्यासाठी स्वतःचे घर जाळल्याचा आरोप आहे. ती व्यक्ती यापूर्वी एकामागून एक अशा अनेक घरांत राहिली, प्रत्येक घराचा तिने विमा उतरविला, प्रत्येक घराला आग लागली आणि प्रत्येक वेळी वेगळ्या विमा कंपनीकडून तिने पैसे घेतले. या सर्व गोष्टी संबद्ध आहेत, असे कायदा म्हणतो. ती व्यक्ती वाईट आहे म्हणून त्या संबद्ध ठरत नाहीत. इतक्या आगी योगायोगाने लागणे असंभवनीय आहे आणि त्यामुळे ‘हा अपघात होता’ हा बचाव कोसळतो, म्हणून त्या ऐकल्या जातात. ही तरतूद नव्या अधिनियमात कलम १३ मध्ये आहे.

दुसरे उदाहरण खुनाचे. एकाने दुसऱ्याला गोळी घालून ठार केल्याचा आरोप आहे. आरोपीने याआधीही त्याच व्यक्तीवर गोळी झाडली होती, ही बाब त्याचा उद्देश दाखविते, म्हणून ती ग्राह्य. परंतु लोकांवर गोळ्या झाडण्याची त्याला सवय होती, ही बाब अग्राह्य. नव्या कायद्यात हा विषय कलम १२ मध्ये येतो. येथे दोन्ही विधानांतील वर्तन सारखेच हिंसक आहे. पहिले विधान या विशिष्ट गुन्ह्यातील विशिष्ट मुद्द्याशी जोडलेले आहे. दुसरे मात्र केवळ माणसाच्या स्वभावाबद्दल बोलते.

इंग्लंडमधील १९१५ चा जॉर्ज जोसेफ स्मिथ खटला या तत्त्वाचे गाजलेले उदाहरण आहे. स्मिथवर त्याची एक पत्नी १९१२ मध्ये स्नानाच्या टबात बुडून मरण पावल्यावरून खुनाचा आरोप होता. पत्नीला फेफरे येऊन अपघात झाला, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने आणखी दोन महिलांच्या मृत्यूचा पुरावा ऐकला. १९१३ आणि १९१४ मध्ये, वेगवेगळ्या गावांत, खोट्या नावाने किंवा दुसऱ्या लग्नाने जोडलेल्या या दोन महिलाही स्नानाच्या टबातच मरण पावल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मृत्यूने स्मिथचा आर्थिक लाभ होणार होता. एक अपघात समजू शकतो, तीन नाहीत. त्याला फाशी झाली.

यावरून जी कसोटी निघते ती अशी : पूर्वीची घटना मांडणाऱ्याने ‘आरोपी कसा माणूस आहे’ हे सांगून चालत नाही. चालू खटल्यातील नेमका कोणता वादाचा मुद्दा या घटनेने सिद्ध होतो, ते त्याने दाखवावे लागते.

तक्रारदार महिलेचा भूतकाळ

आरोपीच्या भूतकाळाला असे संरक्षण असताना तक्रारदार महिलेचा भूतकाळ मात्र आपल्याकडे दीर्घकाळ उघडा होता, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. बलात्काराच्या खटल्यात साक्षीदार महिला सामान्यतः अनैतिक चारित्र्याची असल्याचे दाखवून तिची विश्वासार्हता खोडता येईल, अशी तरतूद १८७२ च्या कायद्याच्या कलम १५५ मध्ये होती.

तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलिस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात या मानसिकतेचे दर्शन देशाला घडले. सत्र न्यायालयाने मुलीच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांचा उल्लेख करीत दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले, परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात सुधारणा झाली.

चारित्र्यावरील उलटतपासणीची ती तरतूद मात्र २००२ च्या दुरुस्तीने वगळली जाईपर्यंत कायम राहिली. २०१३ मध्ये पीडितेचे चारित्र्य किंवा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नावर संबद्ध नाही, असे स्पष्ट करण्यात आले. आज ही तरतूद साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये आहे. न्यायाचा तराजू समतोल ठेवायचा तर माणसाच्या स्वभावावरून घटनेचा निष्कर्ष काढू नये, हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू झाला पाहिजे, हे तत्त्व मान्य होण्यास एवढा काळ लागला.

‘सराईत’ हा शिक्का

‘आरोपी सराईत गुन्हेगार असून त्याच्यावर विविध पोलिस ठाण्यांत गुन्हे दाखल आहेत,’ हे वाक्य वृत्तपत्रवाचकांना पाठ आहे. त्यांतील किती गुन्हे सिद्ध झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. भारतात या शिक्क्यामागे एक वेदनादायक इतिहासही आहे.

पुरावा कायद्याच्या एकच वर्ष आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एका कायद्याने सांगितले की, वाईट चारित्र्य हा पुरावा नव्हे. दुसऱ्याने काही जमातींत जन्मलेल्या प्रत्येकाला जन्मतःच संशयित ठरविले. पुढे या कायद्याची व्याप्ती वाढत गेली. सोलापूरची ‘सेटलमेंट’ याच व्यवस्थेचा भाग होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळला जातो. पण पारध्यांसारख्या समाजांभोवतीचा संशय कायद्याबरोबर संपला नाही.

नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका दरोडा, बलात्कार व हत्येच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना २००६ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो सहाही जणांबाबत योग्य ठरविला. परंतु ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने पुनर्विचार करून सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. ते भटक्या जमातीतील अत्यंत गरीब मजूर असून त्यांना खोटेपणाने गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. तोवर त्यांच्या आयुष्यातील सोळा वर्षे गेली होती.

मकोका : जेथे आरोप हाच घटक

सर्वसाधारण नियमाला महाराष्ट्राने १९९९ मध्ये एक मोठा अपवाद केला. मुंबईतील टोळीयुद्धे आणि खंडणीच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मकोका, अस्तित्वात आला. टोळीच्या म्होरक्याविरुद्ध साक्षीदार पुढे येत नाहीत आणि सुटा गुन्हा पाहून टोळीचे स्वरूप कळत नाही, ही अडचण त्यामागे होती.

या कायद्यातील ‘सतत चालू असलेले बेकायदेशीर कृत्य’ ही संज्ञा मागील दहा वर्षांतील एकापेक्षा अधिक आरोपपत्रांवर आधारलेली आहे. न्यायालयाने त्या आरोपपत्रांची दखल घेतलेली असावी लागते, दोषसिद्धीची मात्र अट नाही. कलम १७ त्याहून पुढे जाते. आरोपीवर पूर्वी प्रतिबंधक कारवाई झाली होती, ज्याला पोलिसांच्या भाषेत ‘चॅप्टर केस’ म्हणतात, तो प्रतिबंधक स्थानबद्धतेत होता किंवा मकोकाखाली त्याच्यावर पूर्वी खटला भरला गेला होता, या गोष्टींना न्यायालय पुराव्याचे मूल्य देऊ शकते.

या व्यवस्थेलाही न्यायालयांनी मर्यादा घातली आहे. केवळ जुनी आरोपपत्रे आहेत एवढ्यावरून मकोका लावता येत नाही, कायदा लागू झाल्यानंतर संघटित गुन्हेगारीचे नवे कृत्य घडलेले असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची अशीच व्याख्या आल्याने हा प्रश्न देशभरातील न्यायालयांसमोर येणार आहे.

जामीन आणि शिक्षा

पूर्वीच्या आरोपांचा विचार दोषनिश्चितीच्या वेळी होत नसला, तरी अन्य टप्प्यांवर तो होतो. जामीन देताना आरोपी पळून जाईल काय, साक्षीदारांना धमकावील काय, पुन्हा गुन्हा करील काय, हे न्यायालय पाहते आणि त्यासाठी पूर्वेतिहास लक्षात घेते. तेथे प्रश्न जोखमीचा असतो. तरीही केवळ पूर्वेतिहासाच्या आधारावर जामीन नाकारता येणार नाही, सर्व परिस्थिती पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आहे.

शिक्षेच्या टप्प्यावर दोषसिद्धी आणि आरोप यांतील फरक पुन्हा निर्णायक ठरतो. मुंबईतील शक्ती मिल प्रकरणात तिघांना दोन वेगवेगळ्या सामूहिक बलात्कारांबद्दल दोषी ठरविण्यात आले होते. त्यामुळे पुनरावृत्तीबद्दलची कठोर तरतूद वापरून एप्रिल २०१४ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. ती तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरविली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या तिघांची शिक्षा मात्र जन्मठेपेत बदलण्यात आली.

याउलट अमरावती जिल्ह्यातील एका बालिकेवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणात दोषीविरुद्ध अन्य खटले प्रलंबित असल्याचा मुद्दा शिक्षा ठरविताना पुढे आला होता. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खटला केवळ प्रलंबित असणे हा शिक्षा ठरविण्याचा निकष होऊ शकत नाही. तसे करणे म्हणजे निर्दोषत्वाच्या गृहीतकाला धक्का लावणे होय. मृत्युदंड रद्द झाला, तरी दोषीने उर्वरित आयुष्य तुरुंगातच काढावे, असा आदेश न्यायालयाने दिला.

निवडणुकीच्या क्षेत्रात मात्र उलट नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयामुळे उमेदवारांना आपल्यावरील प्रलंबित फौजदारी प्रकरणांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते. मतदाराला निवड करायची असते. तो कोणाला तुरुंगात पाठवीत नाही, म्हणून त्याच्यापुढे आरोप ठेवण्यास हरकत नाही. न्यायाधीशापुढे ठेवताना मात्र काळजी घ्यावी लागते.

अन्य देशांचा मार्ग

इंग्लंड व वेल्सने २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने जुना कठोर नियम सैल केला. आरोपीच्या वाईट चारित्र्याचा पुरावा देण्याचे सात मार्ग त्यात आहेत आणि काही परिस्थितीत ‘प्रवृत्ती’ हाही मुद्दा मांडता येतो. खटल्याच्या निष्पक्षतेला बाधा येत असल्यास काही मार्गांनी येणारा असा पुरावा न्यायाधीशाला वगळावा लागतो. त्याआधी, २००० मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने एक लक्षणीय निर्णय दिला होता. बलात्काराच्या खटल्यातील आरोपीवर यापूर्वी चार खटले झाले होते. तिन्हींत तो सुटला होता, एकात दोषी ठरला होता. ज्या तीन प्रकरणांत तो सुटला, त्यांतील महिलांची साक्षही आता ऐकता येईल, असे न्यायालयाने ठरविले.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांसाठी काँग्रेसने १९९४ मध्ये लैंगिक गुन्ह्यांत तशा अन्य कृत्यांचा पुरावा देण्याची विशेष तरतूद केली. पेनसिल्व्हेनियात विनोदी अभिनेता बिल कॉस्बी याच्या २०१७ मधील पहिल्या खटल्यात एकाच अन्य महिलेला साक्ष देऊ दिली गेली आणि ज्युरीचे एकमत झाले नाही. २०१८ मध्ये पाच महिलांनी साक्ष दिली आणि तो दोषी ठरला. २०२१ मध्ये ती दोषसिद्धी रद्द झाली, पण कारण वेगळे होते. पूर्वीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचा दिलेला शब्द न्यायालयाने महत्त्वाचा मानला. अन्य महिलांच्या साक्षीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

पीडितांचे काय?

हा नियम पीडितांवर अन्याय करतो, हा आक्षेप गंभीर आहे. सत्ता आणि पैसा असलेली व्यक्ती वर्षानुवर्षे अनेकांना लक्ष्य करते. प्रत्येक पीडिता एकटी असते. तिला प्रत्येक वेळी सुरुवातीपासून सिद्ध करावे लागते आणि न्यायालयाला पूर्ण चित्र कधीच दिसत नाही.

यावर एक उत्तर कायद्यातच आहे. प्रत्येक तक्रारीची स्वतंत्र नोंद होऊन तिच्यावर रीतसर आरोप ठेवला जाणे, हा तो मार्ग. भारतात पूर्वी बारा महिन्यांत केलेल्या एकाच प्रकारच्या तीन गुन्ह्यांचा खटला एकत्र चालविता येत असे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४२ ने ही संख्या पाच केली आहे. एकाच योजनेचा भाग असलेली कृत्येही एकत्र येऊ शकतात. अशा खटल्यात अन्य पीडितांच्या तक्रारींचीही कसोटी लागते आणि आरोपीला प्रत्येकीचे उत्तर देण्याची संधी मिळते.

न्यूयॉर्कमधील पुढील घडामोड या दृष्टीने बोलकी आहे. २०२५ मधील फेरखटल्यात आरोपपत्राबाहेरील साक्षीदार नव्हते. आधीच्या दोन तक्रारींबरोबर एका तिसऱ्या महिलेची तक्रार आरोपपत्रातच समाविष्ट करण्यात आली होती. जून २०२५ मध्ये ज्युरीने एका महिलेच्या तक्रारीवर वाइनस्टीन याला दोषी ठरविले, दुसऱ्या तक्रारीत निर्दोष सोडले आणि तिसऱ्या तक्रारीवर निर्णय होऊ शकला नाही. तीन महिलांचे म्हणणे एकापाठोपाठ ऐकूनही ज्युरीने प्रत्येक तक्रार वेगळी तोलली. पूर्वीच्या आरोपांचा आधार नसतानाही दोषसिद्धी होऊ शकते, हेही त्यातून दिसले.

गुन्हा सिद्ध करताना माणसाचा नव्हे, कृत्याचा निवाडा करावा, हे या सर्व नियमांचे सार आहे. पूर्वीची घटना जेव्हा त्या कृत्यावर प्रकाश टाकते तेव्हा तिला न्यायालयात जागा आहे. ती केवळ माणसाला काळे फासत असेल, तर तिला जागा नाही. ही रेषा नेमकी कोठे ओढायची यावर सातपैकी तीन न्यायाधीशांचेही बहुमताशी पटले नाही. मात्र ती ओढलीच नाही, तर काय होते, हे नाशिकच्या प्रकरणातील सहा जणांच्या सोळा वर्षांनी दाखवून दिले आहे. आणि ती केवळ एका बाजूने ओढली, तर काय होते, हे देसाईगंजच्या त्या मुलीच्या खटल्याने.